चिंबोरीची जागा कशी ओळखावी?

दसरा-दिवाळी झाली आणि खाडीचे गढूळ पाणी निवळले, की वसईपासून अलिबाग-मुरुडपर्यंत किनाऱ्यावर सहलींची वर्दळ सुरू होते. रविवारची उपासना आटोपून कुटुंबे निघतात, युवक मंडळे डबे बांधून खाडीकाठी जातात. कोणी गळ टाकून बसतो, तर कोणाला चिंबोऱ्या पकडण्याची हौस असते. संध्याकाळी मात्र बरेच जण रिकाम्या पिशव्या आणि चिखलाने माखलेले पाय घेऊन परततात. ‘इथे आता काही उरले नाही,’ असे म्हणतात. त्याच खाडीतून त्याच दिवशी एखादी कातकरी बाई दोन-चार भरलेल्या चिंबोऱ्या घेऊन गेलेली असते.

हा नशिबाचा खेळ नाही. चिंबोरी कोणत्या चिखलात राहते, केव्हा बाहेर येते आणि काय खाते, हे त्या बाईला ठाऊक असते. चिंबोरीची चांगली जागा नकाशावर सापडत नाही. ती चिखल, झाडे आणि भरती-ओहोटी पाहून ओळखावी लागते. ती कशी ओळखावी, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. आणि अशी जागा बहुतेक वेळा कोणाच्या तरी चुलीशी जोडलेली असते, तेव्हा तिथे आपण कसे वागावे, हेही सांगणे भाग आहे.

कोणता खेकडा कुठे राहतो?

आधी आपल्याला कोणता खेकडा हवा आहे, हे ठरले पाहिजे. बाजारात ‘काळी चिंबोरी’ म्हणून मिळणारा मोठा, हिरवट-काळपट, जाड नांग्यांचा खेकडा खाडीच्या चिखलातला. दक्षिण कोकणात आणि गोव्यात त्याला कुर्ली म्हणतात. हा गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या मिश्रणात, खारफुटीच्या आसपास वाढतो. पूर्ण वाढलेला नर किलोच्याही पुढे जातो.

पाठीवर तीन गोल ठिपके असलेला खेकडा आणि निळसर नक्षीचा खेकडा हे दोन्ही समुद्रातले. त्यांचे शेवटचे पाय वल्ह्यासारखे चपटे असतात आणि ते वाळूच्या तळावर पोहत फिरतात. सिंधुदुर्गात किनाऱ्यावरून ओढल्या जाणाऱ्या रापणीत ते येतात. यांच्यासाठी चिखलात बिळे शोधण्यात अर्थ नाही.

आपल्या वाचकांना आणखी एक खेकडा ठाऊक असेल. त्याच्या पाठीवर फिकट क्रुसाचे चिन्ह दिसते. संत फ्रान्सिस झेवियर यांचा क्रूस मोलुक्काच्या समुद्रात पडला आणि एका खेकड्याने तो नांग्यांत धरून किनाऱ्यावर आणून दिला, अशी १५४६ सालची परंपरागत कथा सांगितली जाते. त्यांचा देह जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकात आहे, म्हणून गोव्यात आणि वसईत ही कथा घरोघरी माहीत आहे. हा क्रुसाचा खेकडाही खोल समुद्रातल्या वाळूमिश्रित चिखलावर राहतो आणि ट्रॉलरच्या जाळ्यात येतो. खाडीत तो शोधत बसू नये.

हौसेने खाडीकाठी जाणाऱ्यांसाठी मुख्य खेकडा म्हणजे काळी चिंबोरी. पुढचे विवेचन तिच्याविषयी आहे.

चांगल्या खाडीची खूण

आपला किनारा खाड्यांनी भरलेला आहे. वैतरणा, वसई, धरमतर, कुंडलिका, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, तेरेखोल अशा कितीतरी खाड्या आहेत. त्यांपैकी कोणत्याही खाडीला गेलात, तरी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट खारफुटी. तिवर, कांदळ, चिपी ही झाडे चिंबोरीचे घरही आहेत आणि अन्नाचे कोठारही. झाडांची पाने चिखलात पडून कुजतात. लहान खेकडे, शंख-शिंपले, किडे यांचे पोट त्यावर भरते आणि त्यांना चिंबोरी खाते. मुळांच्या जाळ्यात तिची पिल्ले मोठ्या माशांपासून लपतात. म्हणून जिथे खारफुटीचा पट्टा सलग आणि दाट आहे, तिथे चिंबोरी असण्याची शक्यता जास्त. जिथे भराव टाकून काठ सरळ केला आहे, तिथे ती नसणारच.

दुसरी गोष्ट चिखल. पाय घोट्यापर्यंत रुतेल, पण हाताने दाबला तर आकार धरून राहील, असा घट्ट काळा चिखल बिळाला योग्य. फार पातळ रेंद्यात बीळ टिकत नाही आणि मोकळ्या वाळूत ते ढासळते.

तिसरी गोष्ट पाणी. भरतीला समुद्राचे पाणी आत आले पाहिजे आणि वरून ओढ्या-नदीचे थोडे गोडे पाणीही उतरले पाहिजे. ज्या खाडीत कारखान्यांचे किंवा शहराचे सांडपाणी सरळ सुटते, पाण्याला तेलाचा तवंग किंवा रसायनाचा वास आहे, ती खाडी सोडून द्यावी. तिथे खेकडा मिळाला तरी तो ताटात घेण्याजोगा नसतो, कारण चिखलातले जड धातू त्याच्या शरीरात साठतात.

काही जागा कायद्यानेच वर्ज्य आहेत. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली घोषित झाले, तर मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. अशा संरक्षित क्षेत्रांत हौसेची मासेमारी करू नये. खारफुटी तोडणे हा तर सर्वत्रच गुन्हा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात राज्यभरातील खारफुटीच्या तोडीला मनाई केली आहे. वाट काढण्यासाठी एक फांदी मोडणेही टाळावे.

खाडी निवडली, आता नेमकी जागा

एकाच खाडीत सगळीकडे सारखे खेकडे नसतात. पुढील ठिकाणे आधी पाहावीत.

फाट्याचे तोंड: मोठ्या खाडीला लहान फाटे येऊन मिळतात. ओहोटीला या फाट्यांतून पाण्याबरोबर लहान मासे, कोळंबी आणि कुजका पाला वाहून येतो. चिंबोरी तोंडाशी दबा धरून असते. फाटा आणि मुख्य प्रवाह जिथे मिळतो, तिथे वेग थोडा मंदावतो. जाळे तिथे ठेवावे.

वळणाची आतली बाजू: खाडी वळते तेव्हा बाहेरच्या काठाला प्रवाह जोराने घासतो, आतल्या बाजूला गाळ साठतो. जाळे आतल्या बाजूला टिकते, बाहेरच्या बाजूला वाहून जाते.

तिवरांची कड: भरतीचे पाणी ज्या ओळीपर्यंत झाडांत शिरते, ती ओळ महत्त्वाची. पाणी चढू लागले की चिंबोऱ्या बिळातून निघून झाडांत चरायला जातात. म्हणून दाट झाडीच्या आत शिरण्यापेक्षा कडेला थांबणे अधिक फायद्याचे.

खारबंदिस्तीची उघाडी: रायगडमध्ये भातशेतीत खारे पाणी येऊ नये म्हणून घातलेल्या बांधांना पाणी सोडण्याची दारे असतात, त्यांना उघाडी म्हणतात. गोव्यात अशाच दाराला मानस म्हणतात. ओहोटीला दार उघडून आतले पाणी बाहेर पडते, तेव्हा त्याच्या तोंडाशी मासे आणि चिंबोऱ्या जमतात. जागा उत्तम खरी, पण ती क्वचितच मोकळी असते. गोव्यात मानशीवरच्या मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जातो. कोकणातही उघाडीवर गावाची वहिवाट असते. तिथे विचारल्याशिवाय जाळे टाकू नये.

जुना धक्का: लाकडी किंवा दगडी धक्क्याच्या खांबांवर कालवे आणि शंख चिकटलेले असतात. ते खायला खेकडे येतात. ज्यांच्याबरोबर लहान मुले किंवा वयस्कर माणसे आहेत, त्यांना हीच जागा बरी. चिखलात उतरावे लागत नाही.

बीळ वाचायला शिकणे

ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या खाजणात शेकडो भोके दिसतात. नवशिक्याला प्रत्येक भोकात चिंबोरी आहे असे वाटते. प्रत्यक्षात बहुतेक भोके तिची नसतात.

भोकाभोवती वाटाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान चिखलाच्या गोळ्या पसरल्या असतील, तर ते लहान खेकड्यांचे घर. एकच रंगीत नांगी हलवणारे छोटे खेकडे आपण पाहिले असतील. ते चिखल चाळून खातात आणि उरलेल्याच्या गोळ्या करून टाकतात. ते खाण्याचे नव्हेत. चिखलाचा लहान कठडा असलेले भोक बहुधा निवटीचे असते.

चिंबोरीचे बीळ रुंद आणि आडवे-लांबट असते, कारण ती आडवी चालत आत जाते. तोंडाशी नुकता उपसलेला ओला चिखल असतो आणि त्यावर पायांच्या टोकदार खुणा दिसतात. बीळ सहसा काठाच्या उतारावर किंवा झाडाच्या मुळाशी तिरके आत जाते. आत पाणी साचलेले असते. तोंडाची कड सुकून भेगाळली असेल, आत कोळ्याचे जाळे असेल किंवा तोंडावर शेवाळ धरले असेल, तर बीळ रिकामे समजावे.

बीळ ओळखता आले की हात घालायचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. चिंबोरीची नांगी बोट चिरडू शकते आणि त्याच बिळात पाणसाप असू शकतो. कातकरी आणि कोळी माणसे टोकाला वाकवलेली लोखंडी सळी आत सरकवतात. चिंबोरी सळीला भिडल्याचा ठोका हाताला कळतो आणि ते तिला हळूच बाहेर घेतात. हे लहानपणापासून अंगात मुरलेले काम आहे. नवख्याने ओढाताण केली, की नांगी तुटते, बीळ मोडते आणि चिंबोरी आतच मरते. म्हणून हौसेसाठी गेलेल्यांनी बिळे पाहून जागा ठरवावी, पण चिंबोरी पकडावी ती जाळ्याने.

तिथीवरून वेळ

जागा बरोबर असून वेळ चुकली, तर काही मिळत नाही. कोकणातील जुनी माणसे भरतीची वेळ पंचांगावरून काढतात. रीत सोपी आहे. तिथीच्या आकड्याला तीनने गुणावे आणि चारने भागावे. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, द्वादशीला ९ वाजता, आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा तिथी धरून सव्वाअकराच्या सुमारास. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरतीची वेळ रोज पाऊण ते एक तास पुढे सरकते. हा अंदाज मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला लागू पडतो. त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोहोचते. छापील भरती-ओहोटीचे वेळापत्रक मिळाल्यास तेही पाहावे.

एक उदाहरण घेऊ. रविवारी तृतीया आहे. तीन त्रिक नऊ, भागिले चार, म्हणजे सव्वादोन. पूर्ण भरती पहाटे आणि दुपारी दोन-सव्वादोनच्या सुमारास, तर पूर्ण ओहोटी सकाळी सव्वाआठच्या आसपास. सकाळी सातला खाडीकाठी पोहोचून उतरत्या पाण्याबरोबर बिळे पाहावीत आणि जागा ठरवावी. साडेआठला चिखलातून बाहेर यावे. मग काठावरून जाळी टाकून चढत्या पाण्याची वाट पाहावी.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. मुंबईच्या किनाऱ्यावर त्या वेळी पाणी साडेचार मीटरच्याही वर चढते आणि ओहोटीला दूरवर खाजण उघडे पडते. बिळे पाहायला हे दिवस चांगले, पण प्रवाह जोराचा असल्याने हलकी जाळी वाहून जातात. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा पाण्याची चढ-उतार कमी आणि ओढ मंद, त्यामुळे जाळी जागेवर राहतात. बिळे पाहण्यासाठी उधाण आणि जाळ्यासाठी भांग, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

चिंबोरी मुख्यतः रात्री चरते. म्हणून संध्याकाळी चढणारे पाणी मिळाले तर उत्तम. मात्र अंधारात अनोळखी खाडीत उतरू नये, धक्क्यावरूनच जाळी टाकावीत. भर पावसाळ्यात नदीचा पूर खाडीत उतरतो, पाणी गोडे होते आणि चिंबोऱ्या तोंडाकडे सरकतात. ते दिवस धोक्याचेही असतात, तेव्हा हौस आवरावी.

अमावास्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, असे आपल्याकडे मानतात. खरे कारण कात टाकण्यात आहे. चिंबोरी जुने कवच टाकून नवे धारण करते, तेव्हा नव्या मोठ्या कवचात मांस भरायला वेळ लागतो. पोटाच्या बाजूने, पायांच्या मुळाशी कवच बोटाने दाबून पाहावे. ते दबले तर चिंबोरी पोकळ आहे. तिला परत सोडावे, म्हणजे ती पुढे भरेल.

जाळे आणि आमिष

लोखंडी कड्याला सैलसर विणलेले जाळे, मधोमध घट्ट बांधलेले आमिष, वर दोरी आणि दोरीच्या टोकाला बोया, एवढे साधन पुरते. जाळे तळाला सपाट बसते. चिंबोरी आमिषाशी आली की दोरी एका दमात, न थांबता वर ओढायची. मध्ये थांबले तर ती कड्यावरून निसटते. दर दहा-पंधरा मिनिटांनी जाळे उचलून पाहावे.

आमिषाला माशांची डोकी किंवा कोंबडीची आतडी चालतात. सडके आमिष चांगले, हा गैरसमज आहे. चिंबोरी वासाने येते, पण ताज्या मासळीचा वास तिला अधिक ओढतो. वास पाण्याच्या ओढीबरोबर खाली जातो आणि चिंबोरी त्या वासाच्या मागाने वर येते. म्हणून जाळे बिळांच्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडून येते तिकडे ठेवावे. एका जागी दोन-तीन वेळा काहीच आले नाही, तर वीस-पंचवीस पावले सरकावे.

निघताना टाकलेले प्रत्येक जाळे मोजून परत घ्यावे. तळाशी राहिलेले नायलॉनचे जाळे वर्षानुवर्षे कुजत नाही आणि त्यात मासे-खेकडे अडकून मरत राहतात.

कोणती ठेवावी, कोणती सोडावी

पकडलेली चिंबोरी उलटी करून पोटाखालची झडप पाहावी. नराची झडप अरुंद आणि टोकदार, मादीची रुंद आणि गोल. मादीच्या झडपेखाली नारिंगी किंवा काळपट अंड्यांचा गुच्छ दिसला, तर तिला त्याच क्षणी पाण्यात सोडावे. अंडी घालायला मादी खाडी सोडून समुद्राकडे जाते. एका मादीच्या पोटाशी दहा लाखांहून अधिक अंडी असू शकतात. त्यांतली फारच थोडी पिल्ले वाचून लाटांबरोबर पुन्हा खाडीत येतात. गाबोळीच्या हौसेने एक मादी घरी नेली, तर खाडीचे पुढच्या वर्षाचे बियाणेच नेल्यासारखे होते.

अर्ध्या वितीपेक्षा कमी रुंदीची चिंबोरीही सोडून द्यावी. तिने अजून एकदाही वीण घातलेली नसते. आपल्या कुटुंबाच्या एका जेवणाला पुरतील इतक्याच ठेवाव्यात.

चिंबोरी मागच्या बाजूने, वल्ह्यासारख्या पायांच्या मुळाशी धरावी आणि नांग्या सुतळीने बांधाव्यात. नांगी मोडून टाकू नये. चिंबोरीने बोट पकडलेच, तर हिसका न देता हात पाण्यात धरावा, बहुधा ती सोडते. घरी नेताना बादलीभर पाण्यात ठेवू नये. त्या पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो आणि ती गुदमरते. ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवली तर ती बराच काळ जिवंत राहते. मेलेली चिंबोरी लवकर नासते, ती खाऊ नये.

ही जागा कोणाची?

रायगड, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत कातकरी समाजाची वस्ती आहे. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. जंगल तुटले, तो धंदा बुडाला. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या राज्यातील तीन जमातींची नोंद शासनाने आदिम जमाती म्हणून केली आहे. बहुतेक कातकरी कुटुंबांकडे पोटापुरती जमीन नाही. दिवाळीनंतर अनेक जण उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाआधी परततात. जे पाड्यावर राहतात, त्यांना ओढा, रान आणि खाडी आधार देते. खाडीतली मासळी आणि चिंबोरी म्हणजे त्यांच्या कालवणाची सोय, आणि मोठी चिंबोरी म्हणजे मीठ-मिरची, औषध आणि मुलांच्या वह्यांचे पैसे.

मोठी काळी चिंबोरी शहरात आणि परदेशात जिवंत विकली जाते. व्यापारी वजनावर भाव देतो आणि एक नांगी तुटलेली असेल तर भाव पाडतो. आपण खेळ म्हणून ओढाताण करून नांगी मोडतो किंवा बीळ उकरतो, तेव्हा नुकसान कोणाचे होते, हे यावरून कळेल. रहिवासी चिंबोरी काढली तरी चांगल्या बिळात काही दिवसांनी दुसरी येऊन राहू शकते. म्हणूनच जाणती माणसे बीळ मोडत नाहीत. तेच बीळ त्यांना पुन्हा उपयोगी पडते. फावड्याने उकरलेले बीळ मात्र कायमचे गेले.

खारबंदिस्तीच्या बांधात तर कधीच खणू नये. चिंबोरीच्या बिळांनी बांध आधीच पोकळ झालेला असतो. तिथे कोणी उकरले आणि पुढच्या उधाणाला पाण्याने वाट काढली, तर बांधाला खांड पडते. खारे पाणी भातशेतीत शिरते आणि ती जमीन पुढची काही वर्षे धड पिकत नाही. एका चिंबोरीसाठी एका गावाचे भात जावे, हे कोणालाही मान्य होणार नाही.

म्हणून खाडीवर गेल्यावर पहिले काम विचारण्याचे. जवळच्या कोळीवाड्यात किंवा पाड्यावर जाऊन सांगावे, ‘दादा, आम्ही इथे दोन-चार जाळी टाकणार आहोत, चालेल का?’ ते सांगतील ती जागा घ्यावी, नको म्हणतील ती सोडावी. पाड्यावरची कोणी बाई किंवा माणूस वाट दाखवायला आला, तर त्या दिवसाची मजुरी आधी ठरवून हातात द्यावी. चिंबोऱ्या विकत घेताना घासाघीस करू नये. बाजारात व्यापाऱ्याला जो भाव देतो, तो भाव पकडणाऱ्याच्या हाती पडला तर बिघडले काय? शिवाय चिखलाचे शास्त्र शिकायला याहून चांगला शिक्षक मिळणार नाही.

जीव आधी, चिंबोरी नंतर

खाजणातले अपघात बहुतेक वेळा परतीच्या वाटेवर होतात. सपाट खाजणात भरती समोरून येताना दिसते, पण त्याआधीच ती मागच्या लहान फाट्यांतून भरून वाट अडवते. आत जाताना ओलांडलेला घोटाभर पाण्याचा ओहोळ परतताना कमरेएवढा झालेला असतो. म्हणून पूर्ण ओहोटीची वेळ झाली की, हाती काही लागो वा न लागो, मागे फिरावे.

एकट्याने उतरू नये. पाय रुतला तर घाबरून उपसू नये. अंग मागे टाकून वजन पसरावे आणि पाय हळूहळू हलवत मोकळा करावा. कालवांच्या धारेने तळवा कापतो, शिंगाळ्याचा आणि पाकटाचा काटा विषारी असतो, म्हणून अनवाणी जाऊ नये. पायाला घट्ट बसणारे जुने बूट घालावेत. हातात काठी असावी आणि प्रत्येक पावलाआधी तिने चिखल चाचपावा. लहान मुलांना काठावरच ठेवावे.

सहलीला निघण्यापूर्वी एवढी तयारी करावी: पंचांगात तिथी पाहून ओहोटीची वेळ लिहून घ्यावी, कड्याची दोन-चार जाळी आणि ताजे आमिष घ्यावे, ओले गोणपाट, सुतळी, काठी आणि पिण्याचे पाणी बरोबर ठेवावे. आणि वाट दाखवणाऱ्याची मजुरी सुट्या पैशांत वेगळी काढून ठेवावी. पाड्यावर पाचशेची नोट मोडून मिळेलच असे नाही.